शाहिराचा डफ

ताणलेलं चामडं सुईखाली ठेवलं, की कंपनवाचक नावाचं यंत्र त्यात मुरलेले आवाज ऐकवायचं. त्यावर पुन्हा थाप पडली, तर मात्र आधीचं सगळं पुसलं जायचं. विडी कामगारांच्या संग्रहालयाच्या उद्घाटनाला कुसुमताई ढोबळे हेच समजावत होत्या. मागे पडद्यावर जुन्या संपाची मुकी फिल्म चालू होती. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे, माजी मंत्री इंगवले बसले होते.

ताईंनी वडिलांचा डफ टेबलावर ठेवला. संपाच्या दिवसांत शाहीर रावजींना युनियनच्या कचेरीत कुणीतरी संपवलं होतं; हा डफ तेव्हा त्यांच्याजवळच होता. शाहीर गेला की त्याच्या डफावर कुणी थाप मारायची नाही, ही वस्तीची रीत. चाळीस वर्षं ती कुणी मोडली नव्हती.

"आता हा ऐकू या," ताई म्हणाल्या.

इंगवले ताडकन उठले. "थांब! रावजी माझा जिवलग. आधी त्याला मानवंदना देऊ दे!"

त्यांनी डफ हिसकावला आणि घामाघूम होईस्तोवर बडवला.



"रीत तुम्हाला ठाऊक होती, साहेब. बाबांच्या मागे झील तुम्हीच धरायचात," ताई शांतपणे म्हणाल्या. "आवाज आम्ही गेल्या महिन्यातच उतरवून घेतलाय. तुमचा हात डफाकडे जातो का, तेवढंच या सगळ्यांना दाखवायचं होतं."

मागच्या रांगेतली एक म्हातारी विडीवाली उठली आणि तिनं दाराला कडी घातली.

ताईंनी बटण दाबलं.

कर्ण्यातून रावजी म्हणाले, "इंगवल्या, कडी का घातलीस रे?"