परवाचा अंदाज

ब्रह्मदेशातला नववर्षाचा थिंजानचा सण नुकताच सरला होता. परवा वादळ थेट आपल्याच किनाऱ्यावर धडकणार, असा अंदाज रेडिओवर ऐकला आणि मा न्वे धावत नवऱ्याकडे गेली.

"अहो, पोरांना घेऊन निघू या ना!"

जाळं सांधत बसलेला को थार हसला. "अंथरुणाला खिळलेल्या आईला कुठं नेऊ? अन् हे रेडिओवाले दरवर्षीच बोंबलतात. भित्री कुठली!"

शेवटी तिने दोन्ही लेकरांना एकटंच बोटीत बसवलं आणि उत्तरेला आपल्या भावाकडे धाडलं. धाकटी हात सोडेना, तेव्हा तिचं एकेक बोट उकलून सोडवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या दुकानात एकच जल्लोष उठला. शेजारची खिन मावशी धापा टाकत अंगणात आली. "वाचलो गं, बाई! वादळ वळलं! आता म्हणे ते उत्तरेला..."

मा न्वेने नवऱ्याकडे पाहिलं.



को थारने हातातलं जाळं टाकलं आणि तो होडीकडे धावत सुटला.