काय म्हणाले?

सुतारानं बायकोच्या कोपराला बोट लावलं. काय म्हणाले?

डॉक्टर अजून बोलतच होते. बायकोनं डावा हात उचलून त्याला थांबवलं. उजवा हात मांडीवर, लाकडी पट्टीत होता. पट्टी सुतारानंच केलेली. हलकं लाकूड, मनगटाच्या मापानं कोरलेलं, कडा गुळगुळीत घासलेल्या, आतून मऊ कापड.

सुतार जन्मापासून बहिरा. बायकोला ऐकू येई. लग्नानंतर ती खुणांची भाषा शिकली आणि त्याचे कान झाली. गिऱ्हाईक काय म्हणालं, टीव्हीवर काय चाललंय, शेजारीण कशाला हसली, सगळं तिच्या बोटांतून त्याच्यापर्यंत येई. एक वाक्य सुटलेलं त्याला खपत नसे. जेवताना कोपराला बोट लागलं की ती हातातला घास खाली ठेवी. तिची आई प्राण सोडताना काय पुटपुटली, तेही त्यानं तिथल्या तिथे विचारून घेतलं होतं.

गेल्या हिवाळ्यात तिचा हात बिघडला. मुंग्या येतात, बोटं वळत नाहीत, करंगळी तर मेल्यातच जमा, असं तिनं सांगितलं. घरकाम ती कसंबसं उरकायची. बोलायला मात्र बोटं उठत नसत. चहा, झोप, आलेच. डाव्या हातानं एवढंच.

"माझे कान संपावर गेले," सुतार खुणेनं चेष्टा करी. ती हसत नसे.

डॉक्टरांच्या मागे भिंतीवर हाताचं मोठं चित्र होतं. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू लाल, करंगळी कोरी. छापताना रंग संपला असावा. असलं अर्धवट काम सुतारानं कधी हातावेगळं केलं नसतं.

डॉक्टर थांबले. तिची डावी बोटं सावकाश हलली.

"मनगटात नस दाबली गेलीय."

"इलाज?"

"रात्री पट्टी. नाहीतर इंजेक्शन. शेवटी ऑपरेशन. नसेवरचा पडदा कापून तिला मोकळं करतात."

"मग मोकळं करू," सुतार म्हणाला. "भांडी मी घासेन, कपडे मी धुईन. विचार, कधी करायचं."

ती डॉक्टरांशी बोलली. डॉक्टरांनी जोरजोरात मान हलवली.

"नको म्हणतात. वेळ गेली. आता पट्टीच. कायमची."

"आणि बोलणं?"

"खुणा बंद. बोटांना विश्रांती हवी."

डॉक्टर तिच्या बोटांकडे एकटक बघत होते. भला माणूस, सुताराच्या मनात आलं. पेरन् पेर तपासतोय.

"पुन्हा विचार. काहीतरी असेलच. मी कुणाशी बोलायचं गं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग डॉक्टरांकडे वळून थोडंसं बोलली. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नसेच्या तपासणीचा कागद पुढे ओढून त्यांनी त्यावर दोनदा बोट आपटलं.

"नाही म्हणतात," ती म्हणाली.

सुताराचे डोळे भरून आले. पट्टीचा बंद जरा सैल झाला होता, तो त्यानं वाकून नीट बांधला. मग तिच्यासमोर हात धरून एकेक खूण सावकाश केली.

"बरं. आजपासून मी काही विचारणार नाही."

तिचा चेहरा एकदम सैलावला. असा चेहरा त्यानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. रडू आवरत असेल बिचारी.

दोघं उठली. डॉक्टर टेबलाला वळसा घालून आले आणि सुतारासमोर उभे राहिले. हातातलं पेन त्यांनी खिशाला लावलं. मग दोन्ही हात वर उचलले. बोटं सवय मोडल्यासारखी अडखळत होती, पण खुणा स्पष्ट होत्या.

"माझी आई बहिरी होती. पट्टी सुरेख केलीय तुम्ही. पण यांच्या हाताला काहीही झालेलं नाही. तुम्ही आल्यापासून मी एवढंच सांगतोय."