पिवळ्या लेबलची प्रत

इंग्लंडमधल्या बोल्टनच्या डान्स हॉलमध्ये रेकॉर्डी लावणाऱ्या क्लाइव्हने आपल्या दुर्मिळ सोल संगीताच्या रेकॉर्डच्या लेबलवर पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर एका गायकाचं नाव लिहिलं, चक्क मनाने रचलेलं. खरं नाव फुटलं असतं, तर चारदोन आठवड्यांत ती रेकॉर्ड शेजारच्या प्रत्येक हॉलमध्ये वाजली असती.

गाणं संपताच गावातला सगळ्यांत मोठा संग्राहक रेमंड चिप्स चघळत आला. कागदावरचं नाव वाचून म्हणाला, “हा होय! आहे की माझ्याकडे. तुझी कुठल्या रंगाच्या लेबलची?”

क्लाइव्हने हसू गिळलं. “निळ्या.”

“निळी काय लेका, कुणाकडेही सापडते. माझी पिवळी, पहिल्या छपाईची. तिच्यातला ड्रम ऐकशील तर निळी फेकून देशील!”

असा गायक जन्मालाच आला नव्हता, हे भर हॉलमध्ये सांगायची याहून चांगली संधी मिळणार नव्हती. क्लाइव्हने तोंडही उघडलं. पण तेवढ्यात त्याला घरचं कपाट आठवलं. त्यात निळीच्या जागेशेजारी पिवळी नव्हती, आणि नसलेल्या गायकाची का असेना, ती रेमंडकडे आहे नि आपल्याकडे नाही, हे त्याला सोसेना.

“रेमंड,” तो हळूच म्हणाला, “पिवळीच्या बदल्यात काय घेशील, राव?”