दातांवरचा पिवळा लेप

ब्रश दीपमालाच्या दातांना लागणार, एवढ्यात कस्तुराअक्कानं नातीच्या तोंडावर हात ठेवला.

"नाव काय या औषधनं?"

"फ्लोराइड," दातांच्या डॉक्टर रूपाली म्हणाल्या. "वर्षातून दोनदा लावलं की दात किडायचे वाचतात."

अक्का हात काढीना. अंगणवाडीतली बाकीची मुलं रांगेत आधीच 'आ' करून बसली होती. दीपमालाची एक दाढ काळी पडलेली, घास चावला की पोर रडायची. केळीच्या कामाला रावेरला गेलेली सून सकाळीच फोनवर बजावून सांगत होती, लावून घ्या.

"हाई नाव मी ऐकेल शे," अक्का म्हणाली. "मना माहेरले हातपंप उना तव्हय मी हिनाएवढीच व्हती. बठ्ठा गावनी नारळ फोडं. चांगलं पाणी शे, सांगेत. मंग आमना दात असा व्हयनात." तिनं ओठ वर करून दाखवले. दातांवर तपकिरी पट्टे होते. "मंग साहेब उनात, पंपले लाल रंग मारी गयात. पाणीमा फ्लोराइड शे, पेवू नका. आते तेच पोरना तोंडमा?"

अंगणवाडीच्या हेमलताताई हसल्या. "अक्का, मिसरी लावतांना कोनले इचारस तू?"

डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. "अक्का, तिथं ते पाण्यातून रोज पोटात जात होतं, तेही जास्त. इथलं पाणी तपासलंय, ठीक आहे. आणि हे दातांवर वरून, एवढंसं."

"मंग ते चांगलं शे का वाईट शे? एक काय ते सांग."

डॉक्टरांनी ब्रशकडे पाहिलं. "दोन्ही, अक्का."

अक्कानं पोरीच्या दुखऱ्या दाढेच्या गालावरून बोट फिरवलं. मग तिनं हात काढला.

लेप लावून झाला. "आज दात पिवळे दिसतील. उद्यापर्यंत पुसायचं नाही, घासायचं नाही," डॉक्टरांनी सांगितलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

दीपमाला उठली ती थेट भिंतीवरच्या आरशाकडे. टाचा उंचावून तिनं दात पाहिले आणि टाळ्या पिटत आजीकडे पळत आली.

"मोठी माय, देख! मना दात तुनासारखा व्हई गयात!"

अक्का खाली बसली. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं. "आ कर."

पोरीनं आनंदानं तोंड उघडलं. पिवळे, इवले, चकचकीत दात. पदर गुंडाळलेलं बोट ओठांपर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं.

"मिटी ले," अक्का म्हणाली.

पोरीनं तोंड मिटलं.

"नई, थांब. उघड."