थांबवलेला मजकूर

"आम्ही काय तुमच्या वर्गातली पोरं आहोत, सर?" वायरमनने वाचनालयाच्या वरच्या खोलीत, भर सभेत विचारलं.

बाई असली तरी कॉम्प्युटर क्लबात तिला सगळे वायरमनच म्हणत. शिडी खांद्यावर टाकून गावभर विजेची कामं करणारी बाई ती एकटीच. क्लबाच्या वेबसाइटवरच्या चर्चेसाठी नवं सॉफ्टवेअर निवडायचं होतं. तिने तीन आठवडे खपून दोन पारखली होती. एकात लिहिलेलं लगेच सगळ्यांना दिसे. दुसऱ्यात, जुन्यासारखंच, प्रत्येक ओळ आधी अध्यक्षांकडे जाई. त्यांनी मंजूर केली तरच पुढे सरके. अध्यक्ष म्हणजे हेडसर, शाळेतून निवृत्त झालेले. ते दुसऱ्यावरच अडून बसले होते. कारण विचारलं की म्हणत, असू दे, नजरेखालून गेलेलं बरं.

याच उत्तराने तिचं डोकं फिरलं. मागे हेडसर लेकीकडे गेले म्हणून तिचा साधा राउटरचा प्रश्न चार दिवस लटकला होता. तिने तेही काढलं, वर आणखी दहा गोष्टी काढल्या. फोटो स्टुडिओवाला तिच्या शेजारून म्हणाला की बरोबर आहे, माणसाला मोकळेपणानं बोलता आलं पाहिजे. पहिला हात त्यानेच वर केला. मग भराभर हात उठले. एकोणीस विरुद्ध सहा.

हेडसरांनी जुन्या साइटचा पासवर्ड कागदावर लिहून तिच्या हातात दिला.

"थांबवलेला मजकूर न उघडताच पुसून टाका," ते म्हणाले. "एवढं ऐका माझं."

ती आणखीच भडकली. हरले तरी हुकूम सोडणं सुटत नाही. आणि पुसायचं म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी होतंच की. घरी येऊन तिने चप्पलही न काढता कॉम्प्युटर सुरू केला. कुणाकुणाचं तोंड दाबलं त्याची यादी करायची आणि पुढच्या सभेत म्हाताऱ्यासमोर आपटायची, असं ठरवूनच बसली.

थांबवलेला मजकूर : एकशे एकाहत्तर.

पहिला तिच्याबद्दल होता. दुसराही. शिडीवर चढल्यावर ती खालून कशी दिसते. नवरा का सोडून गेला असेल. कुणाकडे वायर जोडायला गेली की तिला इतका वेळ का लागतो. चार वर्षं, जवळजवळ दर आठवड्याला एक. सगळ्यांचा लिहिणारा एकच, नाव घेतलं होतं 'हितचिंतक'. तिने सभासदांची यादी उघडून त्याचा ई-मेल पत्ता पाहिला. पत्ता फोटो स्टुडिओचा होता.

तिने हेडसरांना फोन लावला.

"मला का सांगितलं नाहीत?"

हेडसर म्हणाले, की तुम्ही क्लब सोडून जाल असं वाटलं. त्याला दोनदा बाजूला घेऊन तंबी दिली, तर तो हसला. काढून टाकायचं तर सभेत कारण सांगावं लागलं असतं, आणि ते काही तोंडाने सांगवेना.

"तो माझ्याच शेजारी खुर्ची ओढून बसायचा, सर. आणि तुम्ही बघत होतात."

हेडसरांनी इतकंच विनवलं की आता तरी पुसून टाका, नाहीतर चारचौघांत शोभा होईल.

"होईल," ती म्हणाली. "त्याची."

फोन ठेवून ती कामाला लागली. नवं सॉफ्टवेअर चालू केलं. एकशे एकाहत्तरच्या एकशे एकाहत्तर नोंदी तारीखवार चढवल्या, एका शब्दाला हात लावला नाही. फक्त 'हितचिंतक' खोडून तिथे फोटोवाल्याचं पूर्ण नाव घातलं. मग सगळ्या सभासदांना कळवलं की चर्चा सुरू झाली आहे.

दहा मिनिटांत खाली पहिला प्रतिसाद उमटला. हेडसरांचा होता.

"यातला शब्द न् शब्द मी वाचला होता, आणि दर रविवारी या माणसाला चहा विचारत होतो."