कॉन्रॅडची रेघ

श्रीपतकाकांनी कॉन्रॅडच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं रेघ मारली. दिवाळीतल्या रेघेपेक्षा ती चांगली दोन बोटं वर होती.

मुलांनी टाळ्या पिटल्या. काका पेन्सिल कानावर खोचून लगेच पुढच्या मुलाकडे वळले. जयवंतीनंही दोन टाळ्या वाजवल्या, पण तिच्या पोटात दुखायला लागलं होतं. पुढचा मुलगा तिचाच होता आणि वेदांतची नवी रेघ जुनीला जवळजवळ चिकटूनच बसली.

"वाढतोय, वाढतोय," काका म्हणाले. त्यांचे हात सुपाएवढे होते, जबडा रुंद. वेदांतच्या केसांवरून तो हात फिरला की त्याचं डोकंच झाकून जाई.

काकांच्या बोळिंजच्या या फ्लॅटवर महिन्यातून एका रविवारी मंडळी जमत. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पिट्यूटरी म्हणतात तिला. ती बिघडली की काय काय होतं, ते इथं आल्यावर दिसे. कुणाचा चेहरा सुजल्यासारखा गोल, कुणी सारखी पाण्याची बाटली तोंडाला लावून. मुलं मात्र बहुतेक उंचीसाठीच आलेली. काकांनी पहिल्या दिवसापासून एक नियम घातला होता, कुणी कुणाला "काय झालंय" असं विचारायचं नाही. "ते विचारणारे बाहेर कमी आहेत का?" ते म्हणत. ज्याला सांगावंसं वाटेल त्यानं सांगावं.

अँजेलिना गणपतीनंतर यायला लागली. वसईकडच्या वाडीतली बाई, फुलांचा धंदा. तिचा कॉन्रॅड वेदांतसारखाच पाचवीत होता, पण त्याला औषध चांगलंच लागू पडलेलं दिसत होतं, वेदांत त्याच्या खांद्यालासुद्धा लागत नव्हता. आणि बाईचा तोरा असा, की मुलाची रेघ मारताना ती बघायचीच नाही. खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहायची. दृष्ट लागू नये म्हणून असणार, असं जयवंतीनं ठरवून टाकलं होतं.

आज तर अँजेलिनानं तिच्या हातात पिशवीच ठेवली. आत बूट होते, नवेकोरे.

"कॉन्रॅडला व्हत नाय आता. दोनदा घातलेत फक्त. वेदांतला घे, बाय, पुढं व्हतील."

"कशाला हो," जयवंती हसून म्हणाली. आतून तिचा नुसता जळफळाट झाला. हिच्या पोराच्या पायांना बूट पुरत नाहीत आणि माझ्या पोराला गेल्या वर्षीची चप्पल अजून सैल होते!

"इंजेक्शन कुठलं देता तुम्ही?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. नियम मोडत होता, पण अगदी थोडासा.

"बाहेरदेशातनं येते." अँजेलिनानं मान खाली घातली. "मुंबईचे डॉक्टर मागवून देतात."

"गुण येतोय ना?"

"देवाच्या हातात."

म्हणजे सांगायचं नाही. जयवंती चहाचं बघते म्हणून स्वयंपाकघरात गेली. वेदांतच्या डॉक्टरांचं बोलणं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. एकदा वयात आला की हाडांची वाढणारी टोकं मिटतात, मग काही करता येत नाही. हातातल्या बांगड्या त्या इंजेक्शनांपायी गेल्या होत्या. आणि रेघ जागची हलत नव्हती.

दुधासाठी तिनं फ्रिज उघडला. दारातल्या स्टीलच्या पेल्यात आजच्या सुया उभ्या होत्या. इथली ती पद्धतच होती. आया घरून औषध भरून बर्फात घालून आणत आणि संध्याकाळी सगळी मुलं एका रांगेत बसून टोचून घेत. एकटं घरी रडणारं पोरही रांगेत रडत नसे. कुणाची सुई कुणाची, ते कळावं म्हणून रंगीत रबर गुंडाळलेले. वेदांतचं लाल, कॉन्रॅडचं निळं.

दोन्ही सुया सारख्याच बारीक. औषधही दोन्हींत सारखंच, पाण्यासारखं.

एका दिवसानं काय होणार, हे तिलाही कळत होतं. पण गुण दिसला तर डॉक्टरांच्या मागे लागता येईल, बाहेरदेशाचंच हवं म्हणून. आणि त्या पोराला एक दिवस आपलं साधं मिळालं तर काय बिघडतंय? इतका वाढलाय तो!

तिनं लाल रबर निळ्याच्या जागी घातलं, निळं लालच्या. मग दूध घेऊन चहा केला आणि सगळ्यांना दिलासुद्धा.

संध्याकाळी रांग बसली. जयवंतीनं वेदांतच्या दंडाला सुई टोचली, शेवटचा थेंब आत जाईपर्यंत दाबून धरली. शेजारी अँजेलिना कॉन्रॅडला टोचत होती, ओठांनी काहीतरी पुटपुटत. टाळ्या झाल्या. मुलं गॅलरीत पळाली. कित्येक महिन्यांनी जयवंतीला हलकं वाटलं.

अँजेलिना तिच्याजवळ येऊन बसली. डोळे भरलेले होते.

"कोनाला सांगितलं नाय, बाय. फक्त काकांना माहीत. पन आज तुला सांगते. तुझ्या वेदांतची रेघ मारतात ना, तवा जीव जळतो माझा. हेवा वाटतो तुझा."

"माझा?"

"माझ्या पोराच्या डोक्यात गाठ हाय. वाढतोच हाय, थांबतच नाय. काकांनाबी तेच, पन त्यांना मोठेपनी झालं." तिनं पदरानं डोळे पुसले. "उद्या सकाळी रक्त तपासनार हायेत. आता टोचलं ना, ते उंची थांबवायचंच इंजेक्शन. त्याचा गुण दिसला नाय, तर डोकं उघडनार त्याचं."