मावंद्याची परात

डावा पाय.

हर्षालीनं तो परातीत ठेवला आणि थोरल्या जावेकडे न बघता पदर सावरला. शुभांगीनं तांब्या उचलला. तांब्यात बंबातलं पाणी होतं. त्यात थंड पाण्याचं विसण घालायचं ती विसरली होती. विसरली होती, असंच आपण म्हणू.

अंगणात भावकी जमलेली, चुलीवर पुरण शिजत होतं. काशी करून आलेल्यांचं मावंदं म्हटलं की न गेलेल्यांनी गेलेल्यांचे पाय धुवायचे आणि ते पाणी डोळ्यांना लावायचं. हर्षालीच्या नवऱ्याचे, समाधानचे, पाय त्याच्या थोरल्या भावानं, रंगनाथनं, बोटांनी पाणी शिंपडून उरकले होते. बाईला असं उरकता येत नाही. बाकीच्या बाया बघत असतात.

"नीट धू गं," सासू, गोजराबाई, म्हणाल्या. "तिच्या नाय, गंगेच्या पाया पडतीस तू."

काशीला निघायच्या वेळी झेंडूचा तोडा चालू होता, म्हणून एका जोडीला मळ्यात थांबायला हवं होतं. थोरली समजूतदार आहे, असं ठरलं. समजूतदार शुभांगी रोज झेंडूच्या सरीत बसून हर्षालीचं स्टेटस बघायची. नवऱ्याच्या फोनवरून. पाहिल्याचं आपलं नाव तिकडे दिसायला नको.

घाटावर हर्षाली. नावेत हर्षाली. गॉगल लावलेली हर्षाली, मागे गंगा.

गॉगल शुभांगीचा होता. तिनंच दिला होता, मोठ्या मनानं.

मांडवाच्या खांबाला टेकून ट्रिपवाला हिरामण बोलत होता. त्याला जेवायचं आमंत्रण होतं, पण धंदाही सोबत आणला होता. "हॉटेल एकदम घाटाला लागून, मावशी! खिडकी उघडली की समोर गंगा. एसी बस दारातून दारापर्यंत. चालायचं कामच नाय. विचारा की वहिनींना."

"हो," हर्षाली हसली. "लय भारी होतं सगळं."

शुभांगीनं पाणी ओतलं, टाचेखाली हात घातला आणि हात तिथंच थांबला. टाचेवर फोड होता. फुटलेला, कडा पांढऱ्या पडलेल्या. करंगळीजवळ दुसरा, अजून भरलेला. तिनं अंगठ्यानं तो हलकेच दाबला. हर्षालीनं श्वास आत ओढला, हसू मात्र तसंच ठेवलं.

शुभांगीच्या पोटात गार वाटलं. तोडा सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

उजवा पाय.

हा जास्त वाईट. अंगठ्याचं नख काळंनिळं, तळव्याची साल निघालेली.

"बस दारात यायची ना गं?" शुभांगीनं वाकल्या वाकल्या विचारलं.

"ताई, पाणी घाला ना."

"घालते. सांग आधी."

हर्षाली पदराच्या निमित्तानं खाली वाकली. "कसली बस अन् कसलं काय. हॉटेल पार गावाबाहेर. रोज चालून चालून जीव गेला. गंगा दिसायची, पण संडासाच्या खिडकीतून. बादली पालथी घालून वर चढलं की."

"आणि दर्शन?"

"पुढच्या बाईचा अंबाडा दिसला. गजरा छान होता तिचा."

शुभांगीला हसू फुटलं. तिनं ते खोकल्यात घातलं.

"कुणाला बोलू नका हं, ताई. ह्यांनी आईंना सगळं छान झालं म्हणून सांगितलंय. आणि तुम्ही अजिबात जाऊ नका. खरंच नका."

नका.

झालं. गार पडलेलं पोट पुन्हा पेटलं. ही फोड घेऊन आली, बादलीवर चढली, अंबाड्याचं दर्शन करून आली आणि तरी पाटावर हीच. जाऊ नका म्हणायचा मानसुद्धा हिचाच. वाईट होतं असं सांगायला तरी जायला नको का माणसानं?

शुभांगीनं उरलेलं पाणी ओतलं, दोन्ही पावलांना हळदकुंकू लावलं. वाकली. परातीतलं पाणी डोळ्यांना लावलं. पाण्याला मलमाचा वास येत होता.

"पुढची ट्रिप माघात!" हिरामण पुढे सरकला. "मावंद्याच्या मांडवात नाव दिलं की नावेची फेरी आपल्याकडून. बोला, कोण कोण?"

गोजराबाईंनी थोरल्या सुनेकडे बघितलं. "तुला जायचं का गं? का हिचं ऐकूनच पोट भरलं?"

रंगनाथ बघत होता. बाया बघत होत्या. परातीत हर्षालीच्या काळ्यानिळ्या अंगठ्यानं शुभांगीच्या मनगटाला टोचलं. एकदा, मग पुन्हा.

"घ्या आमच्या दोघांचं नाव," शुभांगी म्हणाली. "तोडा हर्षाली बघेल."

"अगं बाई, हिला तर आत्ताच गंगा लागली!" कुणीतरी म्हणालं आणि अंगण हसलं. हिरामणनं लगेच मोबाईल काढला.

शुभांगीनं टॉवेल घेतला. उजवा पाय टिपला, मग डावा. टाचेपाशी आल्यावर तिचा हात आपोआप हलका झाला. त्याचाही तिला राग आला.

"आल्यावर माझे पाय तूच धुशील ना?" तिनं विचारलं.

हर्षालीनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"धुईन ना, ताई. विसण घालून धुईन. फोडांना फार झोंबतं."